रथसप्तमीची धाव

माळशिरस
१६ नोव्हेंबर २०२५

महेश्वरीअक्का,

नमस्कार लिहिते आहे, करत नाही. आपला अबोला आहे हे मी विसरलेले नाही. पण अबोला म्हणजे बोलायचं नाही. लिहायचंही नाही, असं काही आपलं ठरलं नव्हतं. फोन केला की तुम्ही तो सरळ अव्वांच्या हातात देता, आणि अव्वा सगळं ऐकून घेऊन शेवटी "जेवलीस का" एवढंच विचारतात. सासूबाईंकडून निरोप पोचवायचे म्हणजे कठीणच. म्हणून हे पत्र. हे कारखान्याच्या कामानं सोलापूरला येतायत, त्यांच्या हाती देते.

कामाचं सांगते. दिवाळीत आले होते तेव्हा केराबाई मागच्या पायरीवर बसून खोकत होती. आयुष्यभर विड्या वळून तंबाखूची धूळ छातीत गेली आहे. मी म्हटलं, आता सोड ते काम. तर म्हणाली, "सोडती की. मग खायचं काय, तुमचं भाषण?"

कुंभारीत तिच्या गल्लीत अशा आणखी चौघी आहेत. कुणाचा नवरा वारला, कुणाचा सोडून गेला. सगळ्यांना कडक भाकरी फक्कड येते. भाजायला एक खोली आणि चार मोठ्या शेगड्या मिळाल्या, तर विडीचं सूप कायमचं खाली ठेवता येईल. आमच्या धावण्याच्या ग्रुपनं ठरवलंय की त्यासाठी एक दौड घ्यायची. अक्कलकोट रोडनं कुंभारीपर्यंत, पाच किलोमीटर. प्रत्येकानं नाव नोंदवताना पैसे भरायचे, ते सगळे या कामाला. तारीख २५ जानेवारी, रविवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे पुण्याचेही लोक येतील.

पोस्टर सोबत पाठवलंय. त्यावर केराबाईचा फोटो आहे. तुम्ही तिला आणि त्या चौघींना एकदा समजावून सांगाल का? धाव संपते तिथं त्यांनी उभं राहून लोकांना भाकरी द्यायची, एवढंच. तुमचा शब्द त्या मोडत नाहीत.

तुमची,
सुकन्या


सोलापूर
२७ नोव्हेंबर २०२५

सुकन्या,

पत्र भावजींनी दिलं. मी लगेच वाचलं नाही, कपडे वाळत घालायचे होते. तुला आशीर्वाद. ते लिहून दिले तरी लागू पडतात.

माणसं धावली की बायकांची गरिबी जाते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नाहीतर मी मंडईतून पिशव्या घेऊन चालत आलेच नसते, पळत आले असते. पण तू शाळेत खेळ शिकवतेस, तुला जास्त कळणार.

पोस्टर बघितलं. 'संकल्पना : सुकन्या' हे केवढ्या मोठ्या अक्षरात आहे. त्याखाली केराबाईचा फोटो आणि 'निराधार महिलांसाठी'. बरं झालं कळलं, ती निराधार आहे ते. आपला अजिंक्य रांगत होता तेव्हापासून ती माझ्याकडे कामाला आहे. तिच्या पोरीचं बाळंतपण मी पार पाडलं. चष्मा मी करून दिला. दर संक्रांतीला लुगडं मी देते. तू दिवाळीत दोन दिवस आलीस, मागच्या पायरीवर एक फोटो काढलास, आणि केराबाई तुझी झाली. चटपटीतपणा म्हणतात तो हाच.

मला हेवा वगैरे वाटत नाही. चटणीचंही मी केव्हाच सोडून दिलंय. तुला वाटत असेल मी तेच धरून बसलेय. मला आता नीट आठवतही नाही. मंगळवेढ्याचे पाहुणे आले होते, सकाळी शेंगा मी भाजल्या, उखळात मी कुटल्या, माझ्या तळहाताला फोड आला होता, आणि जेवताना ते म्हणाले, "धाकट्या सूनबाईंच्या हाताला काय चव आहे." तू हिरवं लुगडं नेसली होतीस. तू हसलीस आणि म्हणालीस, "अजून वाढू का?" एवढंच आठवतं. त्यावर मी कशाला दोन वर्षं अबोला धरेन? अबोला तू धरलास, मी फक्त चालू ठेवला.

केराबाईला सांगेन. तुझ्या तारखेला माझी काही हरकत नाही. पंचवीस तारीख चांगली आहे.

महेश्वरी


माळशिरस
१५ डिसेंबर २०२५

अक्का,

तुम्ही हो म्हणालात, मला फार बरं वाटलं. खरं सांगते, मला वाटलं होतं तुम्ही पत्र परत पाठवाल.

इथं धावपळ चालली आहे. सोलापूरच्या पेपरात बातमी आली, माझ्या फोटोसकट. अव्वांनी कात्रण कापून ठेवलंय असं हे सांगत होते. मोठ्या दादांचा फोन आला होता, ते आपल्या दुकानातर्फे धावणाऱ्या प्रत्येकाला टॉवेल देणार आहेत. मी मागितले नव्हते, त्यांनी आपणहून दिले. तुम्हीच सुचवलं असणार, मला माहीत आहे. टी-शर्ट छापून आले, त्यावर पाठीमागे तारीख ठळक घातली आहे.

केराबाई दर रविवारी मला फोन करते. तिच्या नातवाच्या मोबाईलवरून. आधी खोकते, मग हसते, मग विचारते, "ताई, पळणारी माणसं भाकरी मोडून खात्यात का चावून?" मला तिचा लळाच लागला आहे.

एक विनंती आहे. भाकरीबरोबर चटणी हवी. तुमच्या हातची. यावेळी मी कुणालाही माझ्या हातची म्हणू देणार नाही, पाटी लावते हवी तर.

सुकन्या


सोलापूर
५ जानेवारी २०२६

सुकन्या,

चटणीची पाटी लावायला मी काय खानावळ उघडली आहे?

टॉवेल मी सुचवले नव्हते. मला ते पेपरात कळले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या माहेरच्या माणसांना टॉवेल द्यायचा तर हे तीनदा विचारतात की साधा देऊ का जाड. तुझ्या पळणाऱ्यांना जाड दिले. अव्वांनी तुझं कात्रण उशीखाली ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, आणि दाखवताना मला सांगतात, "महेश्वरी, माझा चष्मा आण." म्हणजे तुझा फोटो नीट दिसावा म्हणून चष्माही मीच आणायचा. मी आणते. आणि केराबाई तुला दर रविवारी फोन करते हे तिनं मला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं मला सगळं सांगितलं, हेच नेमकं नाही.

आता लिहितेच. कॅलेंडरावर नुसता रविवार बघू नये, खाली बारीक अक्षरात तिथी असते तीही वाचावी. २५ जानेवारीला रथसप्तमी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी आपल्या घरी केवढं मोठं हळदीकुंकू असतं हे या घरची सून म्हणून तुला माहीत असायला हवं होतं, पण तू चार वर्षांत त्याला आलेली नाहीस. केराबाई आणि तिच्या गल्लीतल्या त्याच चौघी पहाटेपासून माझ्याकडे असतात. अंगण सारवायचं, पुरण वाटायचं, वाणाची भांडी पुसायची. हा इतक्या वर्षांचा शिरस्ता आहे. तुझ्या भाकऱ्या द्यायला कुंभारीत त्या दिवशी कुणी असणार नाही.

तू आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आता तुझे टी-शर्ट छापून झाले, त्याला माझा इलाज नाही.

महेश्वरी


माळशिरस
१३ जानेवारी २०२६

अक्का,

पत्र दोनदा वाचलं. "पंचवीस तारीख चांगली आहे" असं तुम्ही नोव्हेंबरात लिहिलं होतं. तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. मी खड्ड्यात पडेपर्यंत तुम्ही काठावर शांत उभ्या राहिलात. तिथी बघितली नाही ही माझी चूक, मी ती नाकारत नाही. पण तुमची चूक तशी नाही.

रागाच्या भरात खूप लिहून फाडलं. आता दोनच गोष्टी लिहिते.

पहिली मी तुम्हाला सांगणारच नव्हते. पोस्टर लागल्यावर केराबाईनं मला पहिला फोन केला तो भांडायला. नातवानं तिला पोस्टर वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "ते निराधार आदी खोडा. मी कसली निराधार? म्हयेश्वरीवैनी हाय की." मी सगळी पोस्टरं नवीन काढली. हे तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही जिंकला असता. हेवा फक्त तुमच्याकडे आहे असं समजू नका. अव्वा तुमच्याजवळ आहेत, घर तुमचं आहे, उखळ तुमचं आहे. मी दिवाळीत येते तेव्हा मला पाहुणीसारखं ताट वाढतात. त्या दिवशी चटणीचं कौतुक झालं तेव्हा मी खोटं बोलले नाही, पण गप्प बसले. त्या घरात एकदा तरी माझ्या हातचं काही असावं असं मला वाटलं.

दुसरी गोष्ट. केराबाई आणि त्या चौघी रथसप्तमीला पहाटे तुमच्याकडे येतात. वाण घ्यायला, की वाण पुसायला?

मी तिला काही सांगणार नाही. 'माझ्याकडे ये' असं तुम्हीही म्हणू नका. तिला ठरवू दे.

सुकन्या


सोलापूर
२६ जानेवारी २०२६

सुकन्या,

तू सकाळच्या गाडीनं गेलीस. डबा विसरलीस, तो भावजींबरोबर पाठवते. कालचं काही तू बघितलंस, काही तुला माहीत नाही. मागून कुणीतरी तुला तिखटमीठ लावून सांगणार, त्यापेक्षा मीच लिहिते.

तुझं पत्र मिळाल्यावर मी केराबाईला काहीच म्हणाले नाही. म्हणायची गरजच वाटली नाही. दरवर्षी येते ती येणारच. फक्त आदल्या दिवशी ती वाणाचे डबे पुसत होती, तेव्हा माझं लक्ष सारखं तिच्या हातांकडे जात होतं. यंदा झाकणाचे स्टीलचे डबे आणलेत. एकेक डबा ती पदरानं पुसायची, उजेडात धरून बघायची आणि माझ्याकडे द्यायची. मी विचारलं, "उद्या लवकर येशील ना?" ती म्हणाली, "बगू." इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून 'बघू' ऐकलं नव्हतं. तुझ्या पत्रानं मला जे झोंबलं होतं ते तिथं परत झोंबलं, पण मी पुरण शिजत घालायला गेले.

काल सकाळी कुणी आलं नाही. ना ती, ना त्या चौघी. अंगणात गोवऱ्या पेटवून सूर्याला दूध उतू घालायचं असतं, ते घातलं. अंगण मीच सारवलं. तेव्हापर्यंत माझं डोकं इतकं तापलं होतं की दुधाला गोवऱ्यांची गरज नव्हती. मी रिक्षा केली आणि कुंभारीला गेले. तिला हाताला धरून आणायचं, एवढंच मनात होतं.

तुम्ही धावणारे तिकडून, सोलापूरहून, निघाला होता, अजून पोचला नव्हता. इकडे मांडव घातलेला, टॉवेलांचे ढीग, आमच्या दुकानाचा फलक. केराबाई खुर्चीवर बसली होती, समोर भाकऱ्यांची चळत. नऊवारीवर तुझा तो टी-शर्ट घातला होता, पाठीवर तारीख. ती मला बघून उठलीसुद्धा नाही. मी म्हटलं, "केराबाई, घरी चल. बायका संध्याकाळी यायच्या आहेत, काहीच झालेलं नाही."

ती म्हणाली, "येती की वैनी. सांच्याला येती."

"संध्याकाळी येऊन काय उपयोग? काम आत्ता आहे."

"कामाला न्हाय येत." तिनं भाकरीवरचं फडकं सारखं केलं. "दरसाल मी वाण पुसून द्येते. औंदा मला एक द्या. त्याला येती. देताव का?"

तुला खरं सांगते, माझ्या तोंडात हो आलं नाही. तिचा नवरा ट्रकवर गेला तो परत आला नाही. आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. मग तिला सवाष्ण म्हणायचं की काय म्हणायचं, हा प्रश्न मी दरवर्षी टाळला होता. कामाला बोलावलं की तो प्रश्न येत नाही. ती माझ्या मनातलं वाचल्यासारखी म्हणाली, "तो हाय का न्हाय मलाबी ठाव न्हाय. पर मी हाय की हितं."

तेवढ्यात धावणारे यायला लागले. तू पहिल्या दहांत होतीस, चेहरा टोमॅटोसारखा लाल. तू येऊन माझ्यासमोर उभी राहिलीस आणि आपण दोघी खांबासारख्या. मग तू केराबाईला म्हणालीस, "त्यांना विचार, चहा घेणार का." मी केराबाईला म्हटलं, "तिला सांग, आधी पाणी पी." केराबाईनं एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "मी काय टपाल हाय का? कुटं न्यायची तुमची टपालं? मला भाकरी वाटायच्यात." लोक हसले. तू हसलीस. मला हसू आलं ते मी पदराआड घेतलं, म्हणून तुला दिसलं नसेल.

खरं सांगू? त्या मांडवात मला फार एकटं वाटलं. सगळे येऊन तुझे हात हातात घेत होते. "मॅडम, छान झालं, मॅडम, पुढच्या वर्षी पण." केराबाई भाकरी देताना प्रत्येकाला विचारत होती, "चटणी लावू का?" आणि चटणी माझ्याकडची नव्हती. तिनं कुटली होती. मी एका भाकरीला लावून खाल्ली. माझीच चव. लसूण तेवढाच, मिरची तेवढीच, शेंगा माझ्यासारख्याच थोड्या जाड ठेवलेल्या. इतकी वर्षं माझ्या उखळाशेजारी बसून ती नुसती गप्पा मारत नव्हती. तुझ्यावर चिडायला एवढं कारण पुरे होतं, पण यात तुझा काही संबंधच नव्हता. हे आणखी वाईट.

मी घरी आले. पुरणपोळ्या मीच लाटल्या.

संध्याकाळी चार वर्षांनी तू हळदीकुंकवाला आलीस, काही बघितलंस, पण तू आत शिरा ढवळत होतीस. केराबाई आली, मागे त्या चौघी. धुवट लुगडी, डोक्यावर पदर. मागच्या दारानं नाही आल्या, पुढच्या दारानं आल्या. ओसरीवर सगळ्या बायका. शेजारच्या सिद्धेश्वरीकाकू कुजबुजल्या, पण कुजबूज सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "अगं, हिच्या नवऱ्याचा तर पत्ता नाही." माझ्या हातात हळदीकुंकवाचा करंडा. माझी बोटं कुंकवात बुडवलेली, आणि मी तशीच थांबलेली. आतून अव्वांचा आवाज आला, केराबाईला कानडीत म्हणाल्या, "बा, कुंदरू." ये, बस. पाटावर बसायला सांगितलं त्यांनी. मला राग आला अव्वांचा. मी ठरवायच्या आत त्यांनी ठरवलं म्हणून. मग मी घाईनं पुढे झाले. कुणी माझ्या आधी तिला कुंकू लावू नये. अव्वांनी नाही आणि शिऱ्याचा झारा टाकून तू तर नाहीच नाही.

काकूंना मी म्हणाले, "पत्ता त्याचा हरवलाय, तिचा नाही." मला असली वाक्यं एरवी भांडण झाल्यावर दोन दिवसांनी सुचतात. काल वेळेवर सुचलं. काकू पोळी न खाता गेल्या. बाकीच्या बसल्या.

केराबाईनं डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. तोच डबा तिनं आदल्या दिवशी पुसला होता. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. म्हणाली, "ह्या डब्याचं झाकण जरा सैल हाय वैनी. दुसरा द्या." मी दुसरा दिला. मग त्या चौघींनाही कुंकू लावलं, डबे दिले.

राहिली भांडी. पाटावर बसलेल्या बायकांना भांड्यांना बसवायचं नसतं एवढं मला कळतं. तू आणि मी मोरीत बसलो. एवढा ढीग आणि दोघी मुक्या. मग तू म्हणालीस, "साबण संपला." मी ऐकलं. स्वच्छ ऐकलं. दोन वर्षांनी अबोला तू मोडलास, हे मी अव्वांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "होगली बिडू." जाऊ दे, म्हणे. मी जाऊ देणार नाही. कुणी विचारलं तर नीट सांगायचं, सुकन्या आधी बोलली.

पुढच्या वर्षी तारीख ठरवताना मला विचार.

महेश्वरी


माळशिरस
२ एप्रिल २०२६

अक्का,

डबा मिळाला. त्यात चटणी होती, ती आम्ही दोन दिवसांत संपवली. इथं ज्यांनी ज्यांनी खाल्ली त्यांना मी आधी सांगितलं की ही माझ्या जाऊबाईंच्या हातची. काहींना नको असताना सांगितलं.

आता भांडणाचं. "साबण संपला" हे मी स्वतःशी म्हणाले होते. माणूस स्वतःशी बोलतं, त्यानं अबोला मोडत नाही. पण त्यावर तुम्ही ओला हात पुसत साबणाची नवी वडी पुढे केलीत आणि म्हणालात, "घे." ते माझ्याशी होतं. मोरीत तिसरं कुणी नव्हतं. तेव्हा आधी तुम्ही बोललात. अव्वांना तसं परत सांगा.

खोलीचं काम झालं. शेगड्या बसल्या. गुढीपाडव्याला पहिला घाणा भाजला, त्याचा फोटो नातवानं पाठवला. केराबाईनं विडीचं सूप त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकलं. खोकला अजून आहे, डॉक्टर म्हणतात हळूहळू कमी होईल.

तुम्ही पुढच्या वर्षीचं लिहिलंत म्हणून विचारते. पुण्याच्या लोकांना रविवारच हवा. मी पंचांग घेऊन बसले आहे, पण तुम्ही बघितल्याशिवाय कुठंही छापत नाही.

आणि एक. मी केराबाईला म्हटलं होतं, भाकरीच्या पाकिटांना आणि चटणीच्या बरणीला चांगलं नाव हवं. मनात म्हटलं, 'महेश्वरी' घालावं, तुमचा राग जाईल. मग वाटलं, माझ्या मेहनतीचं काय? 'सुकन्या' का नको? रात्रभर हाच विचार. सकाळी तिला फोन केला. ती म्हणाली, "नाव घातलंय की ताई. छापूनबी आलं. तुमी दोगी त्याच्यावरनं भांडणार हे मला ठाव होतं, म्हनून माझंच घातलं."

'केराबाईची कडक भाकरी आणि शेंगाचटणी.' तिचा तोच फोटो, मागच्या पायरीवरचा. पायरी तुमची, फोटो मी काढलेला, चव तुमची, आणि बरणीवर आपल्या दोघींपैकी कुणीच नाही.

मला फार वाईट वाटलं, अक्का. तुम्हालाही वाटेल. संध्याकाळी फोन करते. अव्वांच्या हातात देऊ नका, तुम्हीच बोला. एकटीनं जळवत नाही.

सुकन्या